पहिल्या वाढदिवसानंतर : डब्याच्या दुधावरून गाईच्या दुधाकडे

बाळाचा पहिला वाढदिवस जवळ आला की घरात दोन हिशेब एकदम सुरू होतात. एक पाहुण्यांचा आणि दुसरा फडताळातल्या पावडरच्या डब्याचा. हा डबा संपला की नवा आणायचा की आता गाईचे दूध सुरू करायचे, आणि करायचे तर कोणते, किती, पाणी घालून की तसेच, या प्रश्नांना सासर, माहेर, शेजार आणि मोबाइल यांच्याकडून चार वेगळी उत्तरे मिळतात. ज्यांच्या बाळाला आजवर पूर्णपणे किंवा बऱ्याच प्रमाणात डब्याचे दूध दिले जात होते आणि ज्यांचे हे पहिलेच मूल आहे, अशा आईवडिलांसाठी हा लेख आहे.

ज्या आईचे अंगावरचे दूध अजून चालू आहे तिने या बदलासाठी ते तोडण्याचे काहीही कारण नाही. दोन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही आई व बाळ दोघांना हवे असेल तोवर ते चालू ठेवावे, असेच जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. येथे बदलायचे आहे ते फक्त वरचे दूध.

आधी तारीख ठरवावी

बाळाला बारा महिने पूर्ण होईपर्यंत गाईचे दूध हे त्याचे मुख्य पेय करू नये, असा सल्ला आपल्याकडचे बहुतेक बालरोगतज्ज्ञ देतात. त्यामागची कारणे समजून घेतली तर पुढचे सगळे टप्पे आपोआप उलगडतात, म्हणून येथे थोडे थांबू.

गाईच्या दुधात प्रथिने भरपूर असतात. १०० मिलिलिटरमध्ये साधारण ३.२ ग्रॅम प्रथिने असतात, तर आईच्या दुधात ती जेमतेम एक ग्रॅमच्या आसपास असतात. वासराचे वजन ज्या झपाट्याने वाढते त्याला साजेसे हे प्रमाण आहे. लहान बाळाच्या मूत्रपिंडांना मात्र ही जास्तीची प्रथिने आणि क्षार बाहेर टाकण्यासाठी जास्त पाणी खर्चावे लागते, आणि उन्हाळ्यात किंवा जुलाबात हा ताण बाधू शकतो. दुसरे कारण लोहाचे आहे. एक लिटर गाईच्या दुधात लोह सुमारे अर्धा मिलिग्रॅमच असते, आणि त्यातले कॅल्शियम व केसीन हे प्रथिन जेवणातून मिळणारे लोहही शरीरात नीट शोषू देत नाहीत. शिवाय काही तान्ह्या बाळांच्या आतड्यातून या दुधामुळे डोळ्यांना दिसणार नाही इतका सूक्ष्म रक्तस्राव होतो. वर्षाच्या सुमारास मूत्रपिंडे आणि आतडी पुरेशी तयार झालेली असतात, आणि मूल चार घास जेवू लागलेले असल्यामुळे लोहासाठी ते केवळ दुधावर अवलंबून राहत नाही. बारा महिन्यांची मर्यादा या दोन्ही गोष्टींवर उभी आहे.

ही मर्यादा पेय म्हणून दिल्या जाणाऱ्या दुधासाठी आहे. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू झाल्यावर दोन चमचे घरचे दही किंवा नाचणीच्या खिरीत थोडे दूध चालते.

येथे एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत, ज्या बाळांना अंगावरचे दूध मिळत नाही त्यांना ६ ते ११ महिन्यांच्या काळात फॉर्म्युला, म्हणजे डब्याचे दूध, किंवा प्राण्याचे दूध यांपैकी काहीही देता येईल, असे म्हटले आहे. ज्या घरांना डबा परवडत नाही त्यांच्यासाठी ही मुभा महत्त्वाची आहे, कारण पैसे वाचवण्यासाठी पावडर कमी आणि पाणी जास्त घालून पातळ दूध पाजणे हा त्याहून कितीतरी वाईट मार्ग आहे. ज्या घरात अशी अडचण असेल त्यांनी ती संकोच न करता डॉक्टरांना सांगावी आणि लोहाचे औषध व जेवण यांची आखणी करून घ्यावी. ज्यांना बारा महिने थांबणे शक्य आहे त्यांनी थांबावे.

पुढील बाळांच्या बाबतीत तारीख स्वतः ठरवू नये : खूप आधी जन्मलेली बाळे, गाईच्या दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असल्यामुळे विशेष फॉर्म्युल्यावर असलेली बाळे, मूत्रपिंडाचा किंवा चयापचयाचा आजार असलेली बाळे, आणि ज्यांचे हिमोग्लोबिन कमी आढळले आहे अशी बाळे. यांच्या बाबतीत डबा कधी आणि कसा थांबवायचा हे डॉक्टरांनीच सांगायचे असते.

उरलेल्या पालकांनी एक गोष्ट लक्षात ठेवली तर अर्धी भीती तेथेच संपते. बाजारातला नेहमीचा फॉर्म्युला बहुधा गाईच्या दुधापासूनच तयार केलेला असतो. जे बाळ सहा-आठ महिने तो विनातक्रार पीत आहे, त्याच्या शरीराला गाईच्या दुधातली प्रथिने आणि दुग्धशर्करा पूर्ण अनोळखी नाहीत.

दुधाआधी ताटाकडे पाहावे

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा हाच आहे. डब्याच्या दुधात लोह, जस्त आणि जीवनसत्त्वे मुद्दाम घातलेली असतात, त्यामुळे जेवणात राहिलेली उणीव ते काही प्रमाणात भरून काढत असते. गाईचे दूध हे काम करत नाही. डबा बंद करण्यापूर्वी बाळ दिवसातून तीन वेळा जेवते का, मधल्या वेळेस एक-दोनदा काही खाते का, आणि त्या जेवणात डाळ, पालेभाजी, अंडे किंवा मांस येते का, हे आठवडाभर कागदावर लिहून पाहावे. जे मूल दोन चमचे खिमट खाऊन तोंड फिरवते आणि मग सहा वेळा बाटली पिते, त्याच्या बाबतीत आधी जेवणाची घडी बसवावी आणि त्यासाठी डबा आणखी दोन-तीन आठवडे चालू राहिला तरी हरकत नाही.

आकड्यांत पाहू. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ८ मिलिग्रॅम लोह मिळावे, अशी भारतीय शिफारस आहे. ४०० मिलिलिटर गाईच्या दुधातून कॅल्शियम साधारण ४८० मिलिग्रॅम मिळते, म्हणजे दिवसाची गरज जवळजवळ भागते. त्याच ४०० मिलिलिटरमधून लोह मिळते सुमारे ०.२ मिलिग्रॅम. बाकीचे सगळे लोह ताटातून यायचे असते, आणि दूध जितके जास्त पाजावे तितकी भूक मरून ताट मागे पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिने वयाच्या बालकांपैकी ६८.९ टक्के बालके रक्तक्षयी आढळली होती. त्याची कारणे अनेक आहेत, परंतु दूध भरपूर आणि जेवण नावापुरते हा प्रकार खात्यापित्या घरांतही दिसतो.

ताटात नेमके काय असावे, हे घराच्या सवयीवर अवलंबून राहील. घट्ट वरण-भात, मुगाची खिचडी, नाचणीची पेज, शिजवून कुस्करलेली मसूर किंवा मटकी, पालक-मेथीसारखी भाजी वरणात मिसळून, उकडलेले अंडे, आणि मांसाहारी घरात बारीक केलेला खिमा किंवा कलेजी हे सगळे या वयात चालते. मटणाचे सूप पाजले म्हणजे मटण दिले, असा एक समज आहे, पण लोह मांसात राहते, पाण्यात फार थोडे उतरते, म्हणून मांसच मऊ करून द्यावे. डाळ-भाजीवर लिंबाचे चार थेंब पिळल्याने त्यातले लोह अधिक शोषले जाते. आणि चहात बुडवलेले बिस्कीट देण्याची आपल्याकडची लाडकी सवय या वयात तरी पूर्ण टाळावी, कारण चहातले टॅनिन लोहाला अडवते आणि बिस्किटातली साखर भूक मारते.

सरकारी कार्यक्रमानुसार ६ ते ५९ महिने वयाच्या बालकांना लोह व फॉलिक आम्लाचे पातळ औषध आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी एक मिलिलिटर, आशाताईंमार्फत देण्याची सोय आहे. आपल्या बाळाला ते किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेले दुसरे थेंब चालू आहेत का, हे दूध बदलताना विचारून घ्यावे. दोन्हीकडची औषधे एकदम देऊ नयेत.

कोणते दूध आणावे

परदेशी लेखांत ‘होल मिल्क’ असे लिहिलेले असते आणि वाचणारा आपल्या दुकानातल्या निळ्या, हिरव्या, केशरी पिशव्यांपुढे गोंधळून उभा राहतो. पिशवीच्या रंगावर जाऊ नये, कारण प्रत्येक संघाचे रंग वेगळे असतात. वाचायचे ते पिशवीवरचे शब्द आणि स्निग्धांशाचा आकडा.

‘गाईचे दूध’ असे लिहिलेल्या पिशवीवर बहुधा ३.५ टक्के स्निग्धांश छापलेला असतो, आणि आपल्याला हवे आहे ते हेच. गोकुळ, कात्रज, चितळे, अमूल असे आपल्या भागात ताजे मिळेल ते कोणतेही चालेल. ‘टोन्ड’ दुधात ३ टक्के आणि ‘डबल टोन्ड’मध्ये १.५ टक्के स्निग्धांश असतो. ‘फुल क्रीम’मध्ये किमान ६ टक्के असतो, आणि त्यात म्हशीचे दूध मिसळलेले असते किंवा ते पूर्णपणे म्हशीचे असू शकते. टोन्ड दुधाची कल्पना मुंबईचीच आहे. शहराचे तेव्हाचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी म्हशीचे दाट दूध साय काढलेल्या दुधाची पावडर आणि पाणी घालून पातळ व स्वस्त केले, जेणेकरून ते अधिक मुलांपर्यंत पोहोचावे. त्यामुळे एखाद्या दिवशी टोन्डच मिळाले तर काळजीचे कारण नाही, कारण गाईच्या दुधाशी त्याचा फरक थोडाच आहे. डबल टोन्ड किंवा स्किम्ड (स्निग्धांश काढून टाकलेले) दूध मात्र दोन वर्षांच्या आत देऊ नये. या वयात मेंदूची वाढ वेगाने होत असते आणि त्यासाठी स्निग्धांश लागतो. पिशवीवर ‘प्लस एफ’ हे चिन्ह असेल तर त्या दुधात अ आणि ड जीवनसत्त्वे घातलेली आहेत असे समजावे, आणि किंमत सारखी असेल तर तीच पिशवी घ्यावी.

म्हशीच्या दुधाचा प्रश्न महाराष्ट्रात टाळून चालणार नाही, कारण कितीतरी घरांत रतीबच म्हशीच्या दुधाचा असतो. वर्ष पूर्ण झालेल्या निरोगी मुलाला ते देता येते. मात्र त्यात स्निग्धांश जवळजवळ दुप्पट आणि प्रथिनेही जास्त असल्यामुळे तेवढ्याच कपात पोट लवकर भरते. म्हणून त्यात पाणी ओतण्याऐवजी दूधच कमी द्यावे. दिवसाला ३०० मिलिलिटरच्या आसपास म्हशीचे दूध पुष्कळ झाले. सुरुवातीच्या महिन्यात शी घट्ट होत असेल तर गाईचे दूध आणणे अधिक सोयीचे पडते.

‘ए टू’ दूध, गीर गाईचे दूध, काचेच्या बाटलीतून येणारे दूध यांच्या जाहिराती नव्या आईवडिलांना बरोबर गाठतात. ‘ए टू’ हे दुधातल्या बीटा-केसीन या प्रथिनाच्या एका प्रकाराचे नाव आहे. देशी गाईचे दूध चांगलेच असते, पण साध्या गाईच्या दुधाने बाळाचे काही उणे राहते असे नाही, आणि दुप्पट किंमत मोजण्यापेक्षा तेच पैसे अंडी व फळांवर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये असे दावे वेष्टनावरून काढण्यास सांगितले आणि काही दिवसांतच तो आदेश मागेही घेतला, त्यामुळे ही नावे दुकानांत दिसत राहतील.

शेळीच्या दुधात फॉलिक आम्ल फार कमी असते, म्हणून ते एकमेव दूध म्हणून देऊ नये. बदामाचे, ओटचे किंवा तांदळाचे ‘दूध’ हे या वयात दुधाची जागा घेऊ शकत नाही. ‘टप्पा तीन’, ‘टप्पा चार’ अशा नावांची एक वर्षानंतरची पावडर आणि चॉकलेटच्या चवीची शक्तिवर्धक पावडर यांचीही निरोगी मुलाला गरज नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर उल्लेखिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही १२ ते २३ महिन्यांच्या मुलांसाठी अशा फॉर्म्युल्याची शिफारस केलेली नाही. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या दुधाच्या पावडरींची जाहिरात करण्यास आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने आणि त्यातील २००३ च्या दुरुस्तीने बंदी आहे, आणि ती बंदी उगाच घातलेली नाही.

परदेशी असलेल्या मराठी पालकांसाठी एवढेच : अमेरिकेत ‘होल’ असे लिहिलेले ३.२५ टक्के स्निग्धांशाचे दूध आणि ब्रिटनमध्ये बहुधा निळ्या झाकणाचे दूध हे आपल्याकडच्या गाईच्या दुधाला जवळचे आहे. हिरव्या आणि लाल झाकणाचे नको.

तापवणे आणि साठवणे

गोठ्यावरून किंवा दूधवाल्याकडून आलेले सुट्टे दूध न उकळता बाळाला कधीही देऊ नये. कच्च्या दुधातून क्षय, ब्रुसेलोसिस (जनावरांकडून माणसाला होणारा तापाचा आजार) आणि जुलाबाचे जंतू येऊ शकतात, आणि ‘आमच्या गोठ्यातले आहे’ या वाक्याने ते मरत नाहीत. पिशवीचे दूध पाश्चरीकरण केलेले असते, म्हणजे साधारण ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून लगेच थंड केलेले असते. नियमाने ते पुन्हा उकळण्याची गरज नसली तरी दुकानापासून घरापर्यंत ते किती वेळ उन्हात राहिले याची आपल्याला खात्री नसते, म्हणून बाळासाठी एकदा उकळी आणून घेणे शहाणपणाचे आहे. दूध वर येताना ढवळत राहावे, उकळी फुटल्यावर दोन मिनिटे मंद आचेवर ठेवावे आणि नंतर लवकर गार करून झाकून फ्रीजमध्ये ठेवावे. दिवसभरात तेच भांडे चार वेळा गॅसवर चढवू नये. लागेल तेवढे दूध वाटीत काढून ती वाटी गरम पाण्यात धरावी.

आपल्या घरांत साय काढून तुपासाठी विरजण लावण्याची पद्धत असते. बाळाचे दूध साय काढण्यापूर्वी, ढवळून, वेगळ्या भांड्यात काढून ठेवावे, नाहीतर आपण नकळत स्निग्धांश काढलेले दूध त्याला पाजतो आणि तो स्निग्धांश मोठ्यांच्या पोळीवर जातो. सायीचा पापुद्रा घशाशी आला की बरीच मुले उमळतात, म्हणून पाजताना गाळणीतून गाळावे, पण आधी साय दुधात चांगली मोडून घ्यावी.

पाणी घालू नये. आमच्याकडेही ‘निम्मे पाणी घाल, जड पडेल’ असे सांगणारी प्रेमळ वडीलधारी माणसे होती. तान्ह्या बाळाला नाइलाजाने गाईचे दूध द्यावे लागण्याच्या काळातून ती सवय आलेली आहे. वर्षाच्या मुलाच्या बाबतीत पाण्याने फक्त पोट भरते आणि पोषण निम्मे होते. वावडिंग घालून उकळण्याचीही गरज नसते. साखर, गूळ, मध यांपैकी काहीही घालू नये. दोन वर्षे साखरेची ओळख झाली नाही तर मुलाचे काही बिघडत नाही.

प्रत्यक्ष बदल : साधारण दहा दिवस

एका दिवसात पूर्ण बदल केला तरी बहुतेक निरोगी मुलांना काही होत नाही. हळूहळू जाण्याचे कारण चवीचे आणि निरीक्षणाचे आहे. डब्याच्या दुधात दुग्धशर्करा जास्त असल्याने ते गोड लागते. गाईचे दूध त्यामानाने अळणी लागते, आणि म्हणून पहिल्या दिवशी मूल कप ढकलून देते.

सुरुवातीसाठी असा आठवडा निवडावा ज्यात प्रवास, लसीकरण, ताप, पाळणाघराचा पहिला दिवस किंवा नवे औषध यांतले काही नाही. त्या आठवड्यात दुसरा कोणताही नवा पदार्थही सुरू करू नये, नाहीतर पुरळ उठले तर ते कशाने उठले हे कळत नाही. समजा, मूल दिवसातून चार वेळा १८० मिलिलिटर डब्याचे दूध पीत आहे. पहिले तीन दिवस फक्त सकाळी नाश्त्यानंतरच्या एका वेळी गाईचे दूध द्यावे. काही त्रास झाला तर दिवसा डॉक्टर सापडतात, म्हणून ही वेळ बरी. चौथ्या दिवसापासून संध्याकाळच्या वेळेला तेच करावे. सहाव्या-सातव्या दिवसापासून दुपारचे दूध बदलण्याच्या भानगडीत न पडता ते सरळ बंद करावे आणि त्या जागी दही, फळ किंवा धिरडे द्यावे. शेवटी, दहाव्या दिवसाच्या सुमारास, रात्रीची वेळ. रात्रीचे दूध मुलाच्या मनाशी सर्वांत घट्ट बांधलेले असते, म्हणून ते शेवटी ठेवावे.

जे मूल चव ओळखून तोंड फिरवते त्याच्यासाठी मिश्रणाचा मार्ग आहे. तीन भाग डब्याचे आणि एक भाग गाईचे दूध दोन-तीन दिवस, मग निम्मे-निम्मे, मग एक भाग डब्याचे आणि तीन भाग गाईचे, आणि शेवटी पूर्ण गाईचे. यात एक चूक मात्र कधीही होऊ देऊ नये. पावडर गाईच्या दुधात कालवू नये. पावडर नेहमीप्रमाणे मोजून पाण्यातच तयार करावी, आणि ते तयार दूध गाईच्या दुधात मिसळावे. पावडर दुधात कालवली तर प्रथिने आणि क्षार यांचे प्रमाण इतके वाढते की ज्या कारणासाठी आपण वर्षभर थांबलो तोच ताण मूत्रपिंडांवर येतो.

दूध कोमट, नेहमीच्याच तापमानाचे द्यावे. एका वेळी न प्यायल्यास मागे लागू नये. तोंड लावलेले उरलेले दूध तासाभरात टाकून द्यावे. ते परत पातेल्यात ओतू नये.

बाटलीलाही याच वेळी निरोप

दूध बदलणे आणि बाटली सोडणे ही दोन कामे वेगळी असली तरी ती एकत्र केली तर सोपी जातात, कारण नव्या चवीचे दूध नव्या भांड्यातून आले की मूल जुन्याशी तुलना कमी करते. गाईचे दूध पहिल्या दिवसापासून वाटी-चमच्याने, छोट्या स्टीलच्या पेल्यातून किंवा साध्या कपातून द्यावे, आणि बाटलीत फक्त डब्याचेच राहू द्यावे. मग डबा संपतो तेव्हा बाटलीही संपते. घरात चांदीचे बोंडले असेल तर ते कौतुकापुरते काढावे. या वयाच्या मुलाला त्याहून स्वतःच्या हाताने धरलेला पेला अधिक आवडतो, आणि तो पहिले पंधरा दिवस सांडणारच.

बाटली तोंडात धरून झोपण्याची सवय असेल तर ती आता मोडावी. झोपेत लाळ कमी होते, दूध पुढच्या दातांवर साचते आणि दात किडतात. रात्रीचे दूध झोपण्याच्या अर्धा तास आधी पाजून, ओल्या फडक्याने किंवा छोट्या ब्रशने दात पुसून, मग झोपवावे. मध्यरात्री उठल्यावर पाणी द्यावे. दोन-चार रात्री रडारड होते आणि तेवढ्यापुरते घरातल्या सगळ्यांचे एकमत हवे. आईने पाणी दिल्यावर आजोबांनी बाटली काढली तर मोजणी पुन्हा पहिल्या रात्रीपासून सुरू होते.

किती द्यावे

दिवसाला ३५० ते ५०० मिलिलिटर, यात दही, खीर, ताक या सगळ्यांतले दूध धरून. म्हणजे सकाळी १५०, संध्याकाळी किंवा रात्री १५० आणि जेवणात एक छोटी वाटी दही एवढे पुरते. घरातला पेला किती मिलिलिटरचा आहे हे डोळ्यांनी ठरवू नये. बाद झालेल्या बाटलीवरच्या खुणा वापरून एकदा मोजावा. डब्याचे दूध ७०० मिलिलिटर पिणारे मूल ४०० वर आले की घरात काहीतरी हिरावून घेतल्यासारखे वाटते, पण भूक उरली तर ती जेवणाकडे वळते, आणि आपल्याला तेच हवे आहे. दूध जेवणाआधी देऊ नये. आधी ताट, मग पेला, आणि दोन्हींत थोडे अंतर. ५०० मिलिलिटरच्या वर नियमितपणे जाऊ नये.

डबा बंद झाला की मुलाला उकळून गार केलेले पाणी दिवसातून अनेकदा द्यायला विसरू नये. ड जीवनसत्त्वाचे थेंब चालू असतील तर ते वर्ष पूर्ण झाले म्हणून आपणहून थांबवू नयेत. मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

काय बदल दिसतील आणि कशाला घाबरावे

शीचा रंग फिकट होईल, वास बदलेल आणि ती थोडी घट्ट होईल. हे अपेक्षित आहे. मूल कुंथत असेल आणि खड्यासारखी कोरडी शी होत असेल, तर दुधाचे प्रमाण आधी मोजावे, कारण बहुतेक वेळा ते ६०० च्या पुढे गेलेले आढळते. दूध कमी करून पाणी, पपई, भिजवलेल्या मनुकांचे पाणी, भाज्या आणि डाळी वाढवाव्यात. आठवड्याभरात फरक पडला नाही तर डॉक्टरांना विचारावे. घरगुती एरंडेल देऊ नये.

दूध प्यायल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठणे, ओठ किंवा डोळे सुजणे, वारंवार उलट्या होणे ही ॲलर्जीची लक्षणे असू शकतात, म्हणून दूध थांबवून त्याच दिवशी दाखवावे. श्वास घरघरला, आवाज बसला किंवा मूल निपचित पडले तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. शीत रक्त किंवा शेंबडासारखा चिकट स्राव दिसला तरी डॉक्टरांकडे जावे. मोठ्या जुलाबानंतर काही दिवस दुधाने पोट फुगणे किंवा आंबूस वासाची पातळ शी होणे हे आतड्याला तात्पुरती इजा झाल्याने घडते. तेवढ्यावरून मुलाला दूध कायमचे पचत नाही असे ठरवू नये.

हळूहळू उमटणारी खूण मात्र सहज नजरेतून सुटते. मूल फिकट दिसू लागले, लवकर थकू लागले, चिडचिडे झाले, भूक मंदावली, माती किंवा भिंतीचे पोपडे चाटू लागले, तर ते दूध न पचल्याचे लक्षण नसून रक्त कमी झाल्याचे असू शकते. अशा वेळी ‘अशक्त झाला आहे’ म्हणून दूध वाढवले जाते आणि त्यामुळे लोह आणखी घटते.

आणि मूल गाईचे दूध मुळीच पीत नसेल तर? दोन आठवडे शांतपणे प्रयत्न करूनही ते नकारच देत असेल तर भांडण करू नये. दोन वाट्या दही, थोडे पनीर, दुधात शिजवलेली नाचणी यांतून कॅल्शियमची गरज बऱ्यापैकी भागते. या काळात डबा ‘आणखी महिनाभर’ म्हणून चालू ठेवण्याचा मोह होतो, पण निरोगी आणि जेवणाऱ्या मुलाच्या बाबतीत तो खर्च आपल्या समाधानासाठीच असतो.

उघडलेल्या डब्यात चार चमचे पावडर उरली असेल तर ती वेष्टनावर दिलेल्या मुदतीनंतर ठेवू नये आणि दुसऱ्याच्या तान्ह्या बाळाला तर मुळीच देऊ नये. पुढची लस साधारण पंधराव्या महिन्याच्या सुमारास असते. त्या भेटीला जाताना आठवडाभराच्या जेवणाचा आणि दुधाच्या मापाचा कागद बरोबर न्यावा, वजन व उंची तक्त्यावर मांडून घ्यावी आणि हिमोग्लोबिन तपासायचे का, हे आपणहून विचारावे.